गलाई: केरातले सोने, आम्लातले प्लॅटिनम

सोनाराच्या दुकानातला केर विकत घेऊन त्यातले सोने वेगळे करणारे गलाईवाले भारतभरच्या सराफ बाजारांत भेटतात. त्यांतील कित्येकांचे मूळ गाव सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी या अवर्षणग्रस्त पट्ट्यात असते. शेती पोट भरीना, म्हणून विसाव्या शतकात इथले तरुण परमुलखात गेले.

त्यांची विद्या वरवर सोपी. सोन्यात सुमारे तिप्पट चांदी वितळवून मिसळायची आणि नायट्रिक आम्लात, म्हणजे तेजाबात, टाकायची. चांदी विरघळते, सोने तळाशी उरते. (चांदी कमी पडली तर सोनेच तिच्याभोवती कवच होते.) द्रावणात तांबे सोडले की चांदी परत मिळते.

प्लॅटिनमसाठी मात्र आम्लराज लागते. त्यात सोनेही विरघळते. हिराकस घातल्यावर सोने खाली बसते, प्लॅटिनम द्रावणातच राहते. त्याचा पिवळा साका पाडतो तो नवसागर! लंडनच्या विल्यम वोलॅस्टनने नवसागराने प्लॅटिनम काढून घेतले आणि मागे उरलेल्या द्रावणात १८०२ मध्ये पॅलेडियम, १८०४ मध्ये ऱ्होडियम शोधले.

वोलॅस्टनचे नाव पाठ्यपुस्तकांत आले. तेजाबाचा तपकिरी, फुप्फुसे जाळणारा धूर कोंदट खोल्यांतून सोसणाऱ्या गलाईवाल्यांचा इतिहास अजून बहुतांशी घराघरांतल्या आठवणींतच आहे.