समुद्रतळच्या माशांचें वय

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस एक पीडा नित्याची आहे. पेशवेकालीन पत्र हातीं येतें, त्यावर ‘छ’ घालून चंद्र दिलेला असतो, महिनाही असतो, पण सालाचा पत्ता नसतो. मग मजकुरांतील माणसें, मोहिमा, मृत्यु यांचा मेळ घालून साल ठरवावें लागतें. आणि तें एकदां चुकलें कीं त्यावर रचलेली पुढची सारी हकीकत ढांसळते. याच उद्योगांत आमचे केस पिकले असल्यामुळें समुद्रशास्त्रज्ञांच्या एका वादाची हकीकत वाचनांत आली तेव्हां ती परकी वाटली नाहीं. तेथें पत्राच्या जागीं मासा होता, इतकेंच.

माशाचें वय ओळखावें कसें, या प्रश्नाला पहिलें शास्त्रशुद्ध उत्तर एका धर्मोपदेशकानें दिलें. स्वीडनमधील हान्स हेडरस्ट्रॉम यानें पाइक व इतर माशांच्या मणक्यांवरील वलयें मोजून वय काढलें, व १७५९ सालीं तेथील शाही विज्ञान अकादमीनें त्याचा निबंध छापला. पुढें सुमारें दीड शतक त्याकडे कोणी लक्ष दिलें नाहीं. १८९८ सालीं हॉफबाउअर या जर्मन संशोधकानें कार्प माशाच्या खवल्यांवर आणि १८९९ सालीं राइबिशनें प्लेस माशाच्या कर्णाश्मांत तींच वलयें पुन्हां शोधून काढलीं. कर्णाश्म म्हणजे माशाच्या अंतःकर्णांतील चुन्याचा खडा. त्याच्या योगें माशास तोल व ध्वनि कळतो. ढोमा किंवा घोळ यांचें डोकें ज्यांच्या ताटांत येतें, त्यांच्या दातांखालीं हा पांढरा खडा केव्हां ना केव्हां आलाच असेल. उन्हाळ्यांत मासा झपाट्यानें वाढतो, हिवाळ्यांत वाढ मंदावते, आणि झाडाच्या बुंध्याप्रमाणें या खड्यांत वर्षाची खूण राहते. या विद्येचा उपयोग किती मोठा, हें नॉर्वेच्या योहान यॉर्ट यानें १९१४ सालीं दाखविलें: १९०४ सालीं जन्मलेल्या हेरिंगच्या एकाच पिढीनें पुढें कित्येक वर्षें कोळ्यांचीं जाळीं भरलीं होतीं.

पण हें सारें उथळ, ऋतु भोगणाऱ्या पाण्यांतलें. हजार मीटर खालीं सूर्यप्रकाश पोंचत नाहीं, आणि पाणी बारमाही थंड. तेथें एक वलय म्हणजे एक वर्ष, हें कोणत्या आधारें म्हणावयाचें? दुसरी अडचण याहून फसवी होती. मासा म्हातारा झाला कीं कर्णाश्म लांबीरुंदीनें वाढेनासा होतो. नवे थर आंतल्या बाजूस, जाडींत चढतात. वरून पाहणारास ते दिसतच नाहींत. खडा कापून त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं धरावा तेव्हां ते दिसतात.

ऑरेंज रफी नांवाच्या माशाची गोष्ट येथें सुरू होते. हा वीतदीड-वीत लांबीचा, नारिंगी रंगाचा मासा न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया यांच्या भोंवतालच्या समुद्रांत सुमारें सातशें ते दीड हजार मीटर खोलीवर राहतो. त्याचें जुनें इंग्रजी नांव ‘बुळबुळीत डोक्याचा’ अशा अर्थाचें; तें ऐकून कोण गिऱ्हाईक फिरकणार, म्हणून बाजारासाठीं त्याचें नवें बारसें झालें! १९७० च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडच्या चॅथम राइजवर त्याची मोठी मासेमारी सुरू झाली, आणि १९८० च्या दशकाच्या शेवटीं टास्मानियाजवळ तसाच सुकाळ झाला. समुद्रांतील डोंगरमाथ्यांवर हे मासे विणीसाठीं दाटीनें जमत, आणि एका जाळ्यांत कांहीं मिनिटांत कित्येक टन येत. मासा वीस-तीस वर्षें जगत असावा, अशी त्या वेळची समजूत. किती मासा काढला असतां साठा भरून निघेल, याचा हिशेब वयाच्या याच अंदाजावर चालला.

१९९१ सालीं फेंटन, शॉर्ट व रिट्झ या ऑस्ट्रेलियांतील तिघांनीं वलयांखेरीज दुसरा साक्षीदार उभा केला. समुद्राच्या पाण्यांतील रेडियमचा अत्यल्प अंश कर्णाश्मांत बंदिस्त होतो व त्यापासून कालांतरानें शिसें-२१० तयार होतें. या शिशाचें अर्धायुष्य सुमारें २२ वर्षें. रेडियमचें १,६०० वर्षें. दोहोंचें प्रमाण मोजलें कीं खड्याचें वय निघतें, मग तेथें ऋतु असोत वा नसोत. उत्तर आलें तें असें: ३८ ते ४० सेंटिमीटर लांबीचे मासे ७७ ते १४९ वर्षांचे! ताटांत वाढलेला मासा यजमानाच्या आजोबांच्या वयाचा होता. तो वयांत येतो तोच सुमारें तिसाव्या वर्षीं.

हें उत्तर सर्वांनीं निमूटपणें मानलें नाहीं. कर्णाश्म ही बंद पेटी नसून तिच्यांतून कांहीं द्रव्य निसटत असेल, अशा शंका निघाल्या, आणि त्या अगदींच पोकळ नव्हत्या. २००९ सालीं अँड्रूज प्रभृतींनीं खड्याचा केवळ गाभा घेऊन पुन्हां मोजणी केली, तेव्हां शतायुषी असण्याची साक्ष पक्की झाली. दरम्यान चॅलेंजर पठारावरील मासेमारी २००० सालीं बंद करावी लागली होती. ती २०१० सालीं मर्यादित प्रमाणांत पुन्हां उघडली. ऑस्ट्रेलियानें २००६ सालीं या माशास संरक्षणाच्या यादींत घातलें. शास्त्रज्ञांना यांत आम्ही फारसा दोष देत नाहीं. त्यांनीं अंदाज अंदाज म्हणूनच सांगितला होता. व्यापारानें त्यालाच निकाल समजून जहाजें बांधलीं.

ज्या माशास वय सांगणारें हाडच नाहीं त्याचें काय, असें वाचक विचारतील. ग्रीनलंडचा मुशी-जातीचा मोठा मासा तसाच आहे. १९३६ सालीं खूण करून सोडलेला एक मासा १९५२ सालीं पुन्हां सांपडला, तेव्हां सोळा वर्षांत तो अवघा ८ सेंटिमीटर वाढला होता. २०१६ सालीं निल्सेन व त्याच्या सहकाऱ्यांनीं अशा २८ माशांच्या डोळ्यांतील भिंगांचा गाभा, जो जन्मापूर्वींच घडतो, कर्बमापनानें तपासला; सर्वांत मोठ्या मादीचें वय ३९२ वर्षें निघालें, मागेंपुढें १२० वर्षें. अनिश्चिततेचा आंकडा इतक्या उघडपणें मांडणें आम्हांस फार भावलें. आमच्या शकावल्यांत तो क्वचित् आढळतो.

आणि १९३८ सालीं दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जिवंत सांपडलेला सीलाकँथ! त्याचें आयुष्य सुमारें वीस वर्षें, असें खवल्यांवरून ठरलें होतें. २०२१ सालीं फ्रान्समधील संशोधकांनीं पॅरिसच्या संग्रहालयांतील नमुन्यांचे खवले ध्रुवित प्रकाशांत पाहिले. मोठ्या वलयांच्या मधें, आजवर कोणास न दिसलेलीं, बारीक वलयें दाटून बसलेलीं होतीं. त्यांतील सर्वांत म्हातारा मासा ८४ वर्षांचा ठरला.