जुना कॉम्प्युटर भंगारात देण्याआधी : विंडोजवरून लिनक्सवर जाताना काय तपासायचं, काय टाळायचं

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट थांबवला. याचा अर्थ ते कॉम्प्युटर बंद पडले असा नाही. ते चालतात, पण सुरक्षेच्या नियमित मोफत अपडेट आता येत नाहीत. ज्यांनी घरगुती वापरासाठी वाढीव मुदतीची नोंदणी केली, त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सवलत आहे. त्यानंतर काय, हा प्रश्न राहतोच.

विंडोज ११ टाकायचं तर टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था, किमान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले बहुतेक लॅपटॉप इथेच अडकतात. मग ‘आता नवीनच घ्या’ असा सल्ला मिळतो, नाही तर कुणीतरी क्रॅक केलेली विंडोज टाकून देतो. त्या क्रॅकसोबत व्हायरसही येऊ शकतो, आणि त्याच कॉम्प्युटरवर घरातलं कुणीतरी बँकेचा पासवर्ड टाकत असतं.

यावर एक फुकटचा आणि कायदेशीर पर्याय आहे, तो म्हणजे लिनक्स. मात्र तो सगळ्यांना सोयीचा पडेलच असं नाही.

लिनक्स म्हणजे काय?

विंडोजसारखीच ही एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे. १९९१ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिची सुरुवात केली. तिचा कोड सर्वांसाठी खुला आहे, त्यामुळे जगभरातले लोक आणि कंपन्या तिच्यात भर घालत असतात. नाव परकं वाटलं तरी ओळख जुनी आहे. हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. केरळमधल्या सरकारी शाळांत मुलं अनेक वर्षांपासून लिनक्सवर कॉम्प्युटर शिकतात. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेनेही ‘बॉस’ नावाचं भारतीय लिनक्स तयार केलं आहे.

लिनक्सचे प्रकार भरपूर आहेत. नवशिक्याने फार शोधाशोध न करता ‘लिनक्स मिंट’ने सुरुवात करावी. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ आणि वायफाय अशी त्याची मांडणी विंडोजसारखीच आहे. ६४-बिट प्रोसेसर, किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा लागते. ४ जीबी रॅम असेल तर काम आरामात होतं. कॉम्प्युटर फारच जुना असेल तर मिंटची ‘एक्सएफसीई’ आवृत्ती घ्यावी, ती हलकी आहे.

आधी कामांची यादी करा

कॉम्प्युटरवर रोज काय काय काम होतं, ते आधी कागदावर लिहून काढा. निर्णय त्या यादीवरून घ्यायचा.

ब्राउझरमध्ये होणारी कामं लिनक्सवर तशीच होतात. ऑनलाइन सातबारा बघणं, योजनांचे आणि परीक्षांचे फॉर्म भरणं, यूट्यूब, ईमेल, व्हॉट्सॲप वेब यांत फारसा फरक पडत नाही. फायरफॉक्स ब्राउझर मिंटमध्ये आधीच असतो. अर्ज, पत्रं आणि हिशोबाचे तक्ते करायला वर्ड-एक्सेलऐवजी लिबरऑफिस मिळतं. वर्डच्या फाइल त्यात उघडतात, पण कधी कधी तक्ता किंवा ओळी थोड्या सरकतात. दुसऱ्याला पाठवायचं असेल तर पीडीएफ करून पाठवलेलं बरं.

पुढच्या कामांत मात्र अडचण येऊ शकते :

- टॅली : हे विंडोजसाठी बनवलेलं आहे. दुकानाचा किंवा सोसायटीचा हिशोब टॅलीत असेल तर विंडोज काढू नका.
- अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सहीचं टोकन : सेवा केंद्र किंवा ग्रामपंचायतीच्या कामासाठी ही यंत्रं लागतात. त्यांची सॉफ्टवेअर बहुतांशी विंडोज धरून केलेली असतात. लिनक्सवर चालतात का, हे विक्रेत्याला आधीच विचारा.
- फोटोशॉप, कोरलड्रॉ : फ्लेक्स आणि लग्नपत्रिका करणाऱ्यांची ही रोजची हत्यारं लिनक्ससाठी मिळत नाहीत. गिम्प आणि इंकस्केप हे फुकटचे पर्याय आहेत, पण हात बसायला वेळ लागतो.
- जुने मराठी फॉन्ट : श्रीलिपी किंवा कृतिदेवमधल्या फाइल फॉन्ट नसेल तर अगम्य अक्षरांत दिसतात. विंडोज असतानाच त्या युनिकोडमध्ये बदला, निदान पीडीएफ करून ठेवा.
- टायपिंगची परीक्षा : सराव कोणत्या सॉफ्टवेअरवर करायचा आहे, हे इन्स्टिट्यूटमध्ये विचारूनच पुढचं ठरवा.

यादीत यातलं एखादं काम असेल तर विंडोज आणि लिनक्स दोन्ही एकाच कॉम्प्युटरवर ठेवता येतात. सुरू करताना कोणतं हवं ते निवडायचं.

न बसवता चालवून बघा

लिनक्सची मोठी सोय म्हणजे ते कॉम्प्युटरमध्ये न बसवता पेनड्राइव्हवरून चालवता येतं. त्यासाठी :

१. ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह घ्या. त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे.
२. मिंटच्या अधिकृत वेबसाइटवरून आयएसओ फाइल उतरवा. ती साधारण ३ जीबीची असते, तेव्हा डेटा किती उरलाय ते बघून घ्या.
३. ‘रूफस’ या मोफत सॉफ्टवेअरने ती पेनड्राइव्हवर लिहा. फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही.
४. पेनड्राइव्ह लावून कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि लगेच बूट मेनूची कळ दाबा. डेल आणि लेनोव्होमध्ये ती बहुधा एफ-१२ असते, एचपीमध्ये एफ-९.
५. यादीतून पेनड्राइव्ह निवडा.

थोड्या वेळात मिंट सुरू होईल. विंडोज आणि त्यातल्या फाइलना यात हात लागत नाही. वायफाय, आवाज, कॅमेरा आणि प्रिंटर चालतात का ते तपासा. प्रिंटरवर एक पान प्रत्यक्ष काढून बघा, कारण काही जुन्या लेझर प्रिंटरना लिनक्सवर नीट ड्रायव्हर मिळत नाही. पेनड्राइव्हवरून सगळं जरा हळू चालतं, त्याने निराश होऊ नका.

इथे चुकलं तर फोटो परत मिळणार नाहीत

विंडोज मारताना फक्त सी ड्राइव्ह फॉरमॅट होतो, डी ड्राइव्ह शाबूत राहतो, अशी सवय अनेकांना आहे. लिनक्स बसवताना हाच समज महागात पडतो. ‘इरेज डिस्क’ हा पर्याय निवडला तर त्या डिस्कवरचे सी, डी, ई सगळे ड्राइव्ह पुसले जातात. लग्नाचे फोटो, मुलांचे दाखले, जमिनीच्या कागदांचे स्कॅन, सगळं त्यात जातं.

म्हणून आधी सगळ्या फाइल बाहेरच्या हार्डडिस्कवर घ्या आणि ती हार्डडिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फाइल उघडतात का ते बघा. विंडोज ठेवायची असेल तर तिच्या शेजारी बसवण्याचा पर्याय निवडा, पण बॅकअप तेव्हाही घ्याच. बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा. लॅपटॉप पूर्ण चार्ज करा, चार्जर लावूनच ठेवा. बॅटरी गेलेली असेल किंवा डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर लोडशेडिंगची वेळ टाळा. बसवणं अर्ध्यात थांबलं तर ना विंडोज सुरू होत ना लिनक्स.

बसवल्यानंतर

सर्वांत आधी ‘अपडेट मॅनेजर’ उघडून अपडेट करून घ्या. मग कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठी जोडा. इन्स्क्रिप्ट येत असेल तर लगेच टाइप करता येतं, इंग्रजी अक्षरांवरून मराठी लिहायची सोयही मिळते. ‘टाइमशिफ्ट’ चालू करा. काही बिघडलं तर सिस्टिम आधीच्या दिवसावर नेता येते. मात्र फोटो-कागदांचा बॅकअप वेगळाच ठेवावा लागतो.

विंडोजच्या ‘ईएक्सई’ फाइल इथे डबल क्लिक करून चालणार नाहीत. नवं सॉफ्टवेअर ‘सॉफ्टवेअर मॅनेजर’मधूनच घ्यावं, फोनवर प्ले स्टोअरमधून घेतो तसं. व्हिडिओत दिसलेली कमांड अर्थ न कळता टर्मिनलमध्ये टाकू नका.

पहिले काही दिवस हात जुन्या जागी जातो, काम थोडं रेंगाळतं. घाई नसेल तर महिनाभर दोन्ही सिस्टिम ठेवा. त्या महिन्यात विंडोज किती वेळा उघडावी लागली, ते मोजा. एकदाही लागली नसेल तर ती काढायला हरकत नाही, आणि रोज लागत असेल तर ती राहू द्यावी.