बादलीभर पाणी आणि साडेअकरा कोटी डॉलर

लोककार्यासाठीं अनेकांकडून थोडें थोडें द्रव्य मागण्याची रीत जुनीच आहे. नवें असतें तें मागण्याचें साधन. इ. स. १९३८ च्या जानेवारींत एडी कँटर या अमेरिकन विनोदी नटानें नभोवाणीवरून आवाहन केलें, कीं पोलिओच्या निवारणार्थ प्रत्येकानें दहा सेंटांचें एक नाणें थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या निवासस्थानीं पाठवावें. तेथें टपालाचे ढीग लागले आणि नाण्यांची मोजदाद सुमारें २६ लाख ८० हजारांवर गेली. पुढें त्याच संस्थेच्या पैशावर साल्क यांची लस १९५५ मध्यें सिद्ध झाली. परंतु नभोवाणी सर्वांना उद्देशून बोलते. एकेकाला नांवानें हाक मारणें तिला साधत नाहीं.

ती सोय समाजमाध्यमांनीं केली, आणि तिचें सामर्थ्य २०१४ च्या उन्हाळ्यांत जगाला दिसलें. एएलएस या असाध्य रोगांत स्नायूंना चालना देणाऱ्या मज्जापेशी नष्ट होत जातात व देह हळूहळू निकामी होतो. बेसबॉलपटु लू गेरिग १९४१ मध्यें याच रोगानें गेला. बॉस्टन कॉलेजचा माजी बेसबॉल कर्णधार पीट फ्रेट्स आणि न्यूयॉर्क राज्यांतील पॅट क्विन या दोघां तरुण रुग्णांनीं, आधींच कोठें कोठें चालू असलेला एक खेळ आपल्या विस्तृत मित्रपरिवारांत पसरविला. बर्फाच्या पाण्याची बादली डोक्यावर ओतून घ्यावयाची, त्याचें चलच्चित्र फेसबुकवर ठेवावयाचें आणि तिघांचीं नांवें घेऊन त्यांना आव्हान द्यावयाचें. त्यांनीं चोवीस तासांत तसेंच करावें, नाहीं तर देणगी द्यावी. पुष्कळांनीं दोन्ही केलें. खरी मेख येथेंच होती: चारचौघांत नांव घेतलें गेल्यावर अंग चोरणें कठीण! सुमारें आठ आठवड्यांत अमेरिकेंतील एएलएस असोसिएशनकडे साडेअकरा कोटी डॉलर जमले.

पाण्याची नासाडी, दिखाऊपणा, असे आक्षेपही आले. हैदराबादेंत मंजूलता कलानिधि या पत्रकार स्त्रीनें पाण्याऐवजीं बादलीभर तांदूळ गरजूला देण्याचें आव्हान काढलें. आपल्याकडील उन्हाळा ठाऊक असणाऱ्यास हा फेरफार मूळ खेळाहून शहाणपणाचा वाटल्यास नवल नाहीं.

निधीचा सुमारें दोन तृतीयांश भाग संशोधनाकडे गेला. त्याच्या साहाय्यानें चाललेल्या शोधकार्यांत २०१६ मध्यें एनईके१ या जनुकाचा रोगाशीं असलेला संबंध उघड झाला. या निधीचें साहाय्य लाभलेलें रेलिव्हरिओ हें औषध २०२२ मध्यें अमेरिकेंत मान्य झालें; परंतु मोठ्या चाचणींत तें निष्फळ ठरलें व २०२४ मध्यें बाजारांतून काढून घेण्यांत आलें. आव्हानाची पुनरावृत्ति २०१५ मध्यें करून पाहिली, पण पैशाचा पूर्वीचा ओघ आला नाहीं. तीच गंमत दुसऱ्यांदा कोण करणार? फ्रेट्स २०१९ मध्यें आणि क्विन २०२० मध्यें त्याच रोगानें वारले.