टीम कंपनीची, गोल आमचो

18 मार्च 2023 च्या रात्री फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर आयएसएलची अंतिम लढत झाली. एटीके मोहन बागान विरुद्ध बंगळुरू एफसी. बागान पेनल्टींवर जिंकला, आणि विजयानंतर क्लबच्या मालकांनी जाहीर केलं की क्लबच्या नावापुढची ‘एटीके’ ही अक्षरं आता जाणार. मी सामना घरी टीव्हीवर पाहत होतो. चषकापेक्षा ह्या घोषणेनेच बागानवाले जास्त सुखावले असतील, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

त्यांचं दुखणं समजण्यासारखं होतं. मोहन बागान 1889 सालचा क्लब. 29 जुलै 1911 ला ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असं हरवून त्याने आयएफए शील्ड जिंकली. तो दिवस कोलकात्यात अजून साजरा होतो. अशा क्लबाच्या नावाआधी 2020 साली एका जेमतेम सहा वर्षांच्या संघाची आद्याक्षरं आली. माणसं चिडली, फलक घेऊन उभी राहिली, जवळजवळ तीन वर्षं मागे लागली, आणि शेवटी नाव बदलून घेतलं.

हे सगळं मिटलं ते आमच्या फातोर्ड्यात. ज्या मैदानावर साळगावकर, धेंपो, चर्चिल ब्रदर्स इतकी वर्षं खेळले, त्या मैदानात. आणि आमच्या क्लबांचं काय झालं? 2016 साली साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले, पाठोपाठ धेंपोही. आयएसएलला देशातली मुख्य स्पर्धा करून आय-लीगला खालच्या पायरीवर ढकलण्याचा महासंघाचा बेत त्यांना मान्य नव्हता. कारण पटण्यासारखं होतं. पण चाहत्यांनी काय केलं? सकाळी बातमी वाचली, चहा घेतला, हळहळलो. मी माझ्यासकट सगळ्यांबद्दल बोलतोय. कोलकात्यात तीन अक्षरांसाठी एवढं रण माजलं आणि आम्ही आख्खे संघ गेले तरी गप्प, असं का?

आमचं प्रेम कमी होतं असं मला वाटत नाही. कारण दुसरं आहे. क्लब आपला आहे, असं आम्हांला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

गोव्यात फुटबॉल आला तो शाळेतून. 1883 साली शिवोलीत फादर विल्यम लायन्स नावाच्या पाद्रीने मुलांना तो शिकवला, अशी आपल्याकडची नोंद. पुढे तो चर्चसमोरच्या पटांगणांत आणि कापणी झालेल्या शेतांत पसरला. 22 डिसेंबर 1959 ला, म्हणजे मुक्तीच्या दोन वर्षं आधी, ‘असोसिआसांव द फुतेबॉल द गोवा’ स्थापन झाली. तीच आजची गोवा फुटबॉल असोसिएशन. तोवर गावचा संघ हा गावचाच असे. मग खाणी आल्या. लोहखनिजाच्या पैशाने ज्या घराण्यांना मोठं केलं, त्यांनी संघही उभे केले. साळगावकर 1956 सालचा, वास्कोतला, मुरगाव बंदराच्या कुशीतला. खनिज जिथून जहाजात चढायचं तिथेच त्याचा जन्म. धेंपोचं मूळ डिचोलीत, खाणपट्ट्यातच. खेळाडूंना महिन्याचा पगार मिळू लागला, अनेकांना नोकरीची हमी मिळाली. आमच्या पोरांनी पायांवर संसार उभे केले ते ह्या घराण्यांमुळे, हे विसरून चालणार नाही. पण कोलकात्याच्या क्लबांना सभासद असतात, निवडणुका होतात, सभांत भांडणं होतात. आमच्या क्लबांना प्रेक्षक होते, एवढंच.

वास्कोतले एक काका आहेत, साळगावकरचे जुने भक्त. त्यांना मी हेच विचारलं. ते कोंकणीत म्हणाले, “टीम कंपनीची, बाब. पूण गोल आमचो.”

आता गंमत बघा. ज्या घराण्यांचे क्लब, त्यांचीच वर्तमानपत्रंही. 1963 सालचा ‘नवहिंद टाइम्स’ आणि 1970 सालची आपली मराठी ‘नवप्रभा’ धेंप्यांची. 1987 साली निघालेला कोंकणी ‘सुनापरान्त’ साळगावकरांचा. आणि त्याआधी, 1962 साली, ‘गोमन्तक’ काढला तो चौगुल्यांनी, तेही खाणमालकच. म्हणजे खेळ कंपनीचा आणि त्याची बखरही कंपनीच्याच छापखान्यात. ह्यात कुणी काही वाईट केलं असं मी म्हणत नाही. क्रीडा पानांवर सामन्यांचे वृत्तांत आले, फोटो आले, नावं छापली गेली. पण ही बखर रोजची होती आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात मासे बांधले जात. उरलं ते कुणीतरी कात्रीने कापून ठेवलं तेवढंच.

वास्कोच्या त्या काकांनी असंच कापून ठेवलं आहे. पत्र्याची एक ट्रंक, आत चार वह्या. वह्या म्हणजे जुनी खतावणी, आधीच्या जमाखर्चावरच कात्रणं चिकटवलेली. चिकटवायला घरी शिजवलेली मैद्याची खळ, त्यामुळे कसरीची चंगळ झाली. आपल्याकडचा पावसाळा कागदाला काय करतो ते सांगायला नको. जून ते सप्टेंबर ती ट्रंक चुलीच्या खोलीत असते, आत कडुलिंबाचा पाला.

पण खरी अडचण कसरीची नाही. काकांनी तरुणपणी फक्त मजकूर आणि फोटो कापला, वर्तमानपत्राच्या माथ्यावरची तारीख कापलीच नाही. तेव्हा सगळं लक्षातच होतं ना! आता तारीख ठरवायची तर खळीत न अडकलेली कड उचलून कात्रणाच्या पाठीमागे बघावं लागतं. मागे चतुर्थीच्या माटोळीच्या सामानाची जाहिरात असली तर भाद्रपद. सिनेमाची जाहिरात असली तर तो चित्रपट कधी लागला ते शोधायचं. एका दुपारी आम्ही दोघांनी मिळून अकरा कात्रणांना वर्षं लावली. दोनांवर वाद झाला तो अजून मिटलेला नाही.

त्या वह्यांतला सर्वांत जाडजूड भाग 1988 चा. त्या वर्षी साळगावकरने फेडरेशन कप जिंकला. गोव्याच्या क्लबाने तो जिंकण्याची ती पहिलीच वेळ, आणि 1989 साली पुन्हा जिंकला. त्याआधीची दोन पानं मात्र साळगावकरची नाहीत, ती संतोष ट्रॉफीची आहेत. 1983 साली कोलकात्यात बंगालबरोबर संयुक्त विजेतेपद, आणि 1984 साली एकही गोल न स्वीकारता एकट्याने. गोलात ब्रह्मानंद शंखवाळकर. ताळगावचा हा गोलरक्षक पुढे भारताचाही कर्णधार झाला, 2022 साली त्याला पद्मश्री मिळाली. काका एरवी धेंपोचं नावही घेत नाहीत, पण संतोष ट्रॉफीच्या पानांवर धेंपोवालेही मानाने चिकटलेले आहेत. राज्याचा संघ कुठल्याच कंपनीचा नव्हता, म्हणून असेल.

ह्या वह्यांचा आणखी एक उपयोग सांगतो. जुन्या चाहत्यांच्या तोंडून ऐकलेला गोल दरवर्षी पाच यार्ड मागे सरकतो. वीस यार्डांवरून मारलेला फटका दहा वर्षांत अर्ध्या मैदानावरून आलेला असतो, आणि वाटेत चार बचावपटूही वाढलेले असतात. कात्रण निर्विकारपणे सांगतं की चेंडू गोलरक्षकाच्या हातून सुटला होता. काकांना ते कात्रण दाखवलं तर ते म्हणतात, वार्ताहर उशिरा आला असणार.

आठवणींचं हे असं असतं, आणि त्यात गोडी आहे हे कबूल. पण एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. 2006-07 च्या हंगामापासून 2012-13 पर्यंत सलग सात वर्षं देशाचं लीग विजेतेपद गोव्यात होतं. धेंपो चार वेळा, चर्चिल दोनदा, साळगावकर एकदा. त्याआधीचं धेंपोचं 2004-05 चं आणि साळगावकरचं 1998-99 चं धरलं तर एकूण नऊ. एवढंसं राज्य, आणि नऊ विजेतेपदं! महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही आपल्याच मातीतली माणसं धेंपोकडून खेळत होती. आणि त्याच काळात फातोर्ड्याच्या पायऱ्या कितीतरी सामन्यांना अर्ध्याहून अधिक रिकाम्या असत. कामाच्या दिवशी भर दुपारी सामना, कोण येणार? आज त्या सुवर्णकाळाबद्दल गळा काढणाऱ्यांची संख्या तेव्हाच्या प्रेक्षकांपेक्षा नक्कीच जास्त आहे. हल्लीच्या एका वाढदिवसाच्या जेवणात पाच जणांनी आपण 1999 साली स्टेडियमवर होतो असं छातीठोक सांगितलं. त्यातला एक तेव्हा कुवेतला होता.

जर्सीची गोष्ट वेगळी लिहावी लागेल. आमच्या लहानपणी क्लबाची जर्सी दुकानात विकत मिळत नसे. ती मिळायची ती खेळाडूकडून, धुऊन धुऊन विटलेली, आणि घरात ज्याला मिळाली तो राजा. साळगावकरचा हिरवा, चर्चिलचा लाल. पण छातीवर कंपनीचं नाव असल्यामुळे ती अर्धी जर्सी आणि अर्धा गणवेश वाटायची.

एकच जर्सी अशी झाली की जिला कंपनीचं नाव असूनही कुणी गणवेश म्हटलं नाही. 5 डिसेंबर 2004, बंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम, फेडरेशन कपचा अंतिम सामना, धेंपो विरुद्ध मोहन बागान. धेंपो 2-0 ने जिंकला आणि दोन्ही गोल ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरचे. दुसरा गोल करताना त्याची बागानच्या गोलरक्षकाशी टक्कर झाली. तो कोसळला तो उठलाच नाही. क्लबचा पहिला फेडरेशन कप घरी आला तो असा. धेंपोने त्याची दहा नंबरची जर्सी कायमची निवृत्त केली. हा माणूस त्याच हंगामात इथे आलेला. त्याची भाषा आम्हांला येत नव्हती, आमची त्याला. (आजीच्या पिढीला पोर्तुगीज येत होतं, ती असती तर बोलली असती.) तरी त्या दिवशी पणजीच्या कदंब स्थानकावर ज्यांच्याशी बोललो ती माणसं घरातलं कुणी गेल्यासारखी बोलत होती. कंपनीने तो आकडा बाजूला ठेवला तेव्हा पहिल्यांदाच क्लबाने आणि लोकांनी मिळून एक आठवण जपली, असं मला वाटतं. बाकीच्या आठवणी आपापल्या ट्रंकांत.

2012 साली खाणी बंद पडल्या, 2018 साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा बंद पडल्या. 2016 ची माघार त्यांच्या मधोमध येते. खाणीमुळेच संघ मागे घेतले असं कुणी म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही. पण ज्या झाडाला क्लब टांगलेले होते ते झाडच हलत होतं, हे खरं.

दरम्यान 2014 साली एफसी गोवा आला. सुरुवातीला त्याच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर ही दोन्ही घराणी होती, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा. काल जन्मलेल्या क्लबाला इतिहास नसतो, तो उसना आणावा लागतो. त्यांनी चिन्हावर गवा घेतला, आपला राज्यप्राणी. घोषणा घेतली ‘फोर्सा गोवा’, पोर्तुगीज. जर्सी मात्र दुकानात मिळू लागली आणि पायऱ्या भरल्या. माझ्या पिढीतले काही लोक ह्यावर नाक मुरडतात. मला ते पटत नाही. छातीवर ‘गोवा’ लिहिलेली जर्सी पोरांना पहिल्यांदाच मिळाली, तर त्यांनी ती का घालू नये? माझी तक्रार एवढीच, की त्या पोरांना विचारलं तर 2014 च्या आधी गोव्यात फुटबॉल होता की नाही हे त्यांना नीट सांगता येत नाही.

धेंपो 2024 साली आय-लीगमध्ये परतला. चर्चिलची कथा तर वकिलांनीच लिहावी अशी. एप्रिल 2025 मध्ये आय-लीगचे विजेते म्हणून त्यांना चषक मिळाला, फोटो निघाले, आणि जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाने विजेतेपद इंटर काशीला दिलं. ते फोटो आता चाहत्यांच्या मोबाइलमध्ये आहेत. ते पुसायचे की ठेवायचे? माझं मत, ठेवावेत, आणि खाली पुढचा निकालही लिहून ठेवावा. चाळीस वर्षांनी कुणीतरी तारखेवरून भांडणार आहेच.

काकांच्या वह्यांचे आम्ही आता मोबाइलवर फोटो काढतोय, पान पान. त्यांचा नातू काढतो, मी नावं लिहून घेतो. तिसऱ्या वहीत एक मूळ छायाचित्र आहे, वर्तमानपत्रातलं नव्हे. मैदानाच्या कडेला दोन रांगांत संघ, पुढच्या रांगेत चेंडू, एका कोपऱ्यात कुत्रा. अकरांपैकी नऊ जणांची नावं लागली. पुढच्या रांगेतला एक कोण ते काका विचार करून सांगणार आहेत. मागच्या रांगेतला, डावीकडून दुसरा, कपाळाला रुमाल बांधलेला, त्याचं नाव कुणालाच आठवत नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी तसाच फोटो असेल तर आधी मागची बाजू बघा.