प्रश्नाचे वाक्यपृथक्करण

व्याकरणाच्या तासाला आपण फळ्यावर एक वाक्य लिहितो आणि त्यातील उद्देश्य व विधेय मुलांकडून वेगळे करून घेतो. संगणकालाही नेमके हेच करावे लागते. फरक इतकाच, की चुकल्यावर तो संदर्भाने सावरून घेत नाही.

खुणांच्या साहाय्याने माहितीचे झाड मांडणारी एक्सएमएल ही पद्धत १९९८ साली प्रमाण ठरली. (या खुणांची नावे देवनागरीतही चालतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते.) झाडातले हवे ते पान शोधण्यासाठी एक्सएसएलटी व एक्सपॉइंटर या दोन्ही प्रकल्पांना प्रश्नभाषा हवी होती. दोघांत मिळून एकच भाषा केली गेली, ती एक्सपाथ. जेम्स क्लार्क व स्टीव्ह डीरोझ यांनी संपादित केलेला तिचा मसुदा १६ नोव्हेंबर १९९९ रोजी मान्य झाला. तिच्यातील एक प्रश्न पाहा:

/शाळा/वर्ग[@इयत्ता='९']/विद्यार्थी

वाचायला सोपा आहे. पण याच भाषेत * ही खूण कधी गुणाकार दाखवते, तर कधी ‘कोणतेही नाव’. ‘कर भर’ आणि ‘काम कर’ यांतला ‘कर’ आपण जागेवरून ओळखतो; एक्सपाथचा नियमही तसाच आहे, आधीचे पद पाहून अर्थ ठरवायचा.

हे पृथक्करण दर वेळी नव्याने कशाला? एकदा करून ठेवावे आणि हजार दस्तऐवजांना तोच तयार प्रश्न विचारावा. २००२ सालच्या डॉटनेटमध्ये आणि २००४ सालच्या जावा ५ मध्ये ही सोय आली.

मात्र खरी गोम पुढेच होती. समजा, एका वर्गात दोनच विद्यार्थी आहेत. प्रश्न असा, की वर्गातून विद्यार्थ्याकडे जा, परत वर्गाकडे या, पुन्हा विद्यार्थ्याकडे जा. प्रत्येक वाट स्वतंत्र मोजली तर २, ४, ८ असे होत विसाव्या उतरणीला १०,४८,५७६ वाटा होतात. उत्तर मात्र तेच दोन विद्यार्थी! व्हिएन्नाच्या गॉटलोब, कोख व पिखलर यांनी २००२ साली दाखवून दिले, की प्रचलित साधने असाच वेळ घालवतात. त्यांत क्लार्क यांनी स्वतः रचलेले एक्सटीही होते. उपाय साधा निघाला: मधल्या पायरीचे उत्तर तक्त्यात टिपून ठेवायचे आणि पुन्हा गरज पडली की तेच वापरायचे.