दिला तो वसूल, राज्य नव्हे

१७७९ साली पुणे दरबाराने पोर्तुगीजांशी केलेल्या तहाच्या सतराव्या कलमाचा अर्थ १९६० साली हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाला लावावा लागला. फिर्यादी होता पोर्तुगाल, युरोपच्या पश्चिम टोकाचा लहानसा देश, आणि प्रतिवादी होता भारत. वाद दादरा आणि नगर हवेलीकडे भारतातून जाण्याच्या हक्काचा होता. पेशव्यांनी दमणजवळचा हा मुलूख फिरंग्यांना देऊन टाकला, असे आजही सहज बोलले जाते. पुराव्याकडे नीट पाहिले तर हा आरोप टिकत नाही. पुण्याने काही गावांचा वसूल दिला होता. राज्य दिले नव्हते.

तो काळ ध्यानात घ्यायला हवा. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यापासून उत्तर कोकणात पोर्तुगीजांचे बळ खचले होते. १७७५ पासून मात्र पेशवेपदावर हक्क सांगणाऱ्या राघोबांच्या निमित्ताने इंग्रजांशी युद्ध सुरू झाले. १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रज नमले, पण युद्ध संपले नाही. अशा वेळी गोवा आणि दमणची बंदरे हाती असलेली सत्ता शत्रूच्या गोटात जाऊ नये, ही पुण्याचा कारभार पाहणाऱ्या नाना फडणिसांची गरज होती. दुबळ्या पोर्तुगीजांनाही मोठ्या शेजाऱ्याचा स्नेह हवा होता आणि पुण्यात त्यांची बाजू नारायण विठ्ठल धुमे हे वकील मांडत. पोर्तुगीजांच्या मुत्सद्देगिरीचा केवढा भार अशा एतद्देशीय वकिलांवर होता, हे इतिहाससंशोधक पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरातून दाखवून दिले आहे. या देवघेवीत पोर्तुगीजांना वर्षाला बारा हजार रुपये उत्पन्नाची गावे मिळाली, आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी ती प्रत्यक्ष लावून देण्यात आली.

अशा देण्याचा अर्थ पेशवाईत सर्वांना ठाऊक होता. एखाद्या गावाचा वसूल सरंजामदाराकडे किंवा इनामदाराकडे जाई, म्हणून ते गाव पेशव्यांच्या राज्याबाहेर जात नसे. सरंजाम सेवेसाठी वा स्नेहासाठी दिला जाई आणि सरकारला तो काढूनही घेता येई. सतराव्या कलमाचे वेगवेगळे पाठ तपासून न्यायालय याच निष्कर्षाला आले. अशा देण्याने मुलखाचे सार्वभौमत्व दिले गेल्याचे एकही उदाहरण आपल्यापुढे आलेले नाही, असेही त्याने नोंदवले.

यावर आक्षेप असा, की त्याच निकालाने या गावांवर पोर्तुगालचे सार्वभौमत्व होते हेही मान्य केले. मग वसूल आणि राज्य हा भेद कशासाठी? पण ते सार्वभौमत्व कुठून आले हे पाहायला हवे. न्यायालयाने त्याचा उगम पुण्याच्या तहात मानला नाही. मराठ्यांची जागा इंग्रजांनी घेतली तेव्हा पोर्तुगीज तिथे पूर्ण कारभार करताना दिसले. इंग्रजांनी मराठ्यांचे वारस म्हणून हक्क सांगितला नाही आणि चालले ते चालू दिले. पुढे भारतानेही काही काळ मूक मान्यता दिली. म्हणजे सरंजामाचे राज्य झाले ते १८१८ नंतरच्या दुर्लक्षामुळे. ते खापर नाना फडणिसांवर फोडणे अन्यायाचे आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी ही गावे मुक्त केली ती लोकांच्या हक्काच्या बळावर, मग जुन्या कागदांचा आधार हवाच कशाला? नैतिकदृष्ट्या तो नकोच होता. पण लहान देशाकडे फौज नसली, तरी करार आणि दीर्घ वहिवाट ही शस्त्रे असतात, आणि पोर्तुगालने तीच उपसली. त्यांना उत्तर कागदांनीच द्यावे लागले. न्यायालयाने खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि माल यांना भारतातून जाण्याचा मर्यादित हक्क मानला, सैन्य आणि शस्त्रांना नाही. आणि १९५४ मध्ये भारताने आपले कर्तव्य मोडले नाही, असा निर्वाळा दिला.

१९५५ मध्ये तुटलेले संबंध ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने पुन्हा जुळले आणि पोर्तुगालने भारतातील आपल्या सर्व जुन्या प्रदेशांवर भारताचे सार्वभौमत्व मानले. लहान-मोठ्या राष्ट्रांच्या व्यवहारात मोठ्याचे नुकसान औदार्याने होत नाही; दिलेल्या गोष्टीच्या अटींवर पुढच्यांनी लक्ष ठेवले नाही की होते. म्हणून पुण्याचे पेशवे दप्तर आणि गोव्याचे पुराभिलेख एकत्र वाचले गेले पाहिजेत. एकाच बाजूचा कागद वाचून आपल्याच पूर्वजांना दोषी ठरवण्याची घाई त्यानेच थांबेल.