गाव टिकवलं कुणी?

'टिकाऊ जीवनशैली' हा शब्द आता शिबिरात, शाळेच्या पुस्तकात, सरकारी भिंतीवर सगळीकडं दिसतो. पाणी जपा, कचरा करू नका, पुढच्या पिढीसाठी काही ठेवा. १९८७ साली ब्रंटलँड आयोगाच्या अहवालानं हा विचार जगभर नेला. विचार खोटा नाही. पण दोस्तांनो, त्याच्या मागोमाग एक वाक्य येतं आणि माझे कान उभे राहतात : 'आपलं जुनं गाव बघा, तिथं काही वाया जात नव्हतं.' या वाक्याची झडती घेतली पाहिजे.

हे कौतुक जुनं आहे. १८३० साली कंपनी सरकारचा अधिकारी चार्ल्स मेटकाफ यानं लिहून ठेवलं, की राज्यं आली नि बुडाली, पण हिंदुस्थानातली गावं टिकली. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत मसुदा मांडताना बाबासाहेबांनी याच मेटकाफला पुढं घेतलं आणि उलटतपासणी केली. गावं टिकली असतील. नुसत्या टिकण्याला काय किंमत? कोणत्या पातळीवर टिकली ते बोला. पर्यावरणावर भाषण करणाऱ्यानं आधी या प्रश्नाचं उत्तर द्यावं.

गावात खरंच काही वाया जात नव्हतं. बैल मेला की महारानं ओढून न्यायचा. ढोरानं कातडं कमवायचं, चांभारानं मोट शिवायची, मांगानं नाडा वळायचा. त्या मोटेचं पाणी बागायतदाराच्या मळ्यात पडायचं. मेल्या बैलाचं कातडं विहिरीत बुडलेलं चालायचं. ज्यांनी ते ओढलं, कमावलं, शिवलं, त्यांची घागर बुडलेली चालायची नाही. आमच्या वाटणीला त्याच बैलाचं मांस. चाक झकास फिरत होतं, अन् वंगणाच्या जागी माणसं होती.

हे चाक बाबासाहेबांनी महाडात अडवलं. १९ आणि २० मार्च १९२७ ची परिषद आपण चवदार तळ्यापुरती आठवतो. पण मेलेली जनावरं सवर्णांनी स्वतः पुरावीत, ही मागणीही त्याच परिषदेतली. मृतमांस सोडा, हे बाबासाहेबांनी तिथंच बजावलं. पुढं १९२८ साली महार वतनाच्या सुधारणेचं बिल त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात आणलं. फुकटातल्या राबणुकीला वतन म्हणत होते. ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडलं.

२०१६ साली गुजरातेत उना इथं मेलेल्या गाईचं कातडं सोलणाऱ्या तरुणांना बांधून मारलं. तेव्हा तिथल्या दलितांनी मेलेली जनावरं उचलणं थांबवलं आणि जमीन मागितली. महाडला ८९ वर्षं झाली होती.

जमीन का? कारण नको ते काम सोडायला पायाखाली काहीतरी लागतं. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी हे ओळखलं. डिसेंबर १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला, लाखोंनी तुरुंग भरले. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातली मोठी मागणी. मराठवाड्यात आपल्या माणसांनी गायरानातली दगडं वेचली, काट्या काढल्या, ज्वारी पिकवली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करायचा निर्णय सरकारनं १९९१ साली घेतला. कागदावर घेतला, पुष्कळांच्या सातबाऱ्यावर तो उतरलाच नाही.

आता त्याच गायरानावर पर्यावरणाचं नाव घेऊन नोटीस येते. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं गावाच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा म्हणून सांगितलं. पण भूमिहीनांना, दलित-आदिवासींना सरकारी अधिसूचनेनं दिलेल्या जमिनीचा अपवादही त्याच निकालात आहे. नोटीस घेऊन येणारा तेवढी ओळ वाचून दाखवत नाही. २०२२ साली महाराष्ट्रात गायरानातल्या घरांना नोटिसा निघाल्या, तेव्हा आपल्याला मोर्चे काढावे लागले.

मी सूतगिरणीत रिंग फ्रेमवर उभा असतो. तुटलेल्या धाग्याचा कापूस मशीन ओढून घेतं, तो पुन्हा ब्लो रूममध्ये जातो. साहेब पाहुण्यांना अभिमानानं दाखवतो, बघा, काही वाया जात नाही. छातीत बसलेली कापसाची धूळ मात्र कुठल्याच वहीत चढत नाही. म्हणून कुठलीही गोष्ट टिकाऊ आहे असं कुणी म्हटलं, की मी विचारतो : वाया कोण चाललंय?

झाड लावायला आपला नकार नाही. पाणी जपायला तर मुळीच नाही. पाण्याची किंमत आपल्यापेक्षा कुणाला ठाऊक? पण जपायचं त्यात वाटा पाहिजे. तेव्हा पोरांनो, एक काम करा. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना एक-ई असतो, अतिक्रमणाची नोंदवही. तो मागा. त्यात आपल्या किती माणसांची नावं आहेत, कोणत्या सालापासून आहेत, ते उतरवून घ्या. गावाचा नळ वस्तीच्या कुठल्या टोकाला संपतो ते बघा. गटारात अजून कुणाचा हात जातो ते लिहा. एवढी वही तयार झाली, की मग टिकाऊ गावाच्या सभेला जाऊ. रिकाम्या हातानं जायचं नाही.